शेवटचे पन्नास

पाठीवरची हवेची टाकी पार रिकामी करून आणणाऱ्या डायव्हरला ताई आधी दारातच उभं करायची. आत थोडी तरी हवा दाबून ठेवलेली असली की बाहेरची ओल आत शिरत नाही. हवा संपली की ओल शिरते आणि टाकी आतून कुजायला लागते. हे सगळ्यांना ठाऊक होतं, तरी ताईकडून ते नव्याने ऐकून घेतल्याशिवाय आत यायची सोय नव्हती. "टाकी तुझी असेल, पण ती फुटली तर नाव माझं जाईल," हे तिचं ठरलेलं शेवटचं वाक्य. नाकावर माशी बसू न देणारी बाई म्हणून ती बंदरभर प्रसिद्ध होती आणि तिला त्याचं काडीचं वाईट वाटत नव्हतं.

तिचं वर्कशॉप बंदराच्या मागच्या रस्त्यावर होतं, दोरखंडांचं दुकान आणि बर्फाचा कारखाना यांच्या मधल्या लांबट खोलीत. दाराशी गोड्या पाण्याचा सिमेंटचा हौद. समुद्रातून आलेली प्रत्येक वस्तू आधी त्यात बुडवायची, मगच पुढे न्यायची. हौदाच्या वर भिंतीत खुंट्यांची रांग होती, ओले सूट टांगायला. एक सोडून प्रत्येक खुंटीवर खडूने लिहिलेलं एकेक नाव. पुढे साखळीने बांधलेल्या, उभ्या टाक्या, आणि सगळ्यात मागे हवा भरायचा कॉम्प्रेसर. तो सांभाळायला नाना होते. पासष्टीचे, मशीनच्या आवाजाने एका कानाने अधू झालेले. ताईची बोलणी त्याच कानावर घ्यायची त्यांची जुनी युक्ती होती.

डाव्या कोपऱ्यात जमिनीत पुरलेलं लोखंडी पिंप होतं. त्यात टाक्यांची परीक्षा व्हायची. टाकी पाण्याने भरून पिंपातल्या पाण्यात सोडायची आणि आत दाब चढवायचा. टाकी केसभर फुगते. दाब काढला की ती मूळ मापावर परत आली पाहिजे. जी येत नाही ती नापास, आणि नापास टाकीला ताई स्वतः ड्रिलने भोक पाडायची, म्हणजे पुन्हा कुणी तिच्यात हवा भरायला नको. त्या दिवशी तिला जेवण जात नसे.

सोमवारी दुपारी बंदर कार्यालयाचे साहेब एक पिवळी टाकी घेऊन आले. टाकी त्यांनी स्वतः उचलून आणली होती, शिपायाला आणलं नव्हतं. ताईने ती लांबूनच ओळखली. खांद्याजवळ रंग खरवडलेला होता. तो कसा खरवडला आणि त्यावरून आपण किती बडबडलो, हेही तिला आठवलं.

ती बारक्याची टाकी होती.

बारक्या म्हणजे ताईचा धाकटा भाऊ. चांगला सहा फुटी माणूस, पण लहानपणी पडलेलं नाव बंदरातही त्याच्या मागे आलं होतं. जहाजांचे तळ घासायचं, अडकलेले नांगर सोडवायचं त्याचं काम. सात महिन्यांपूर्वी एका सकाळी दहाला तो बंदराच्या तोंडाशी पाण्यात उतरला आणि वर आला नाही. नऊ दिवसांनी तळाशी ही टाकी सापडली. तो सापडला नाही. चौकशी झाली आणि अहवालात दोन गोष्टी लिहिल्या गेल्या. एक, नियम मोडून तो एकटा उतरला. दोन, हवा संपेपर्यंत त्याने टाकीतला दाब दाखवणाऱ्या गेजकडे पाहिलं नाही. खाली सही साहेबांची. तेव्हापासून बंदरात नव्या माणसाला शिकवताना लोक म्हणायचे, बारक्यासारखं करू नकोस. ताई रस्त्याने जाताना हे कानावर आलं की तिच्या अंगाची लाही व्हायची.

"प्रकरण बंद झालंय," साहेब म्हणाले. "जप्त केलेली वस्तू नष्ट करायची असते. भोक पाडा आणि या कागदावर सही द्या."

"परीक्षा घेते. नापास झाली तर पाडते."

"परीक्षेचा प्रश्न नाहीये, ताई."

"माझ्या इथे तोच प्रश्न असतो. धडधाकट टाकीला मी हात लावत नाही."

साहेबांनी खोलीभर नजर फिरवली. खुंट्यांपाशी ती थांबली. बारक्याची खुंटी सात महिने मोकळी होती आणि तिच्या शेजारची कधीच कुणाला दिलेली नव्हती. "तुमचा परवाना माझ्याच टेबलावरून जातो," ते म्हणाले. "शुक्रवारी सकाळी येतो. तोवर उरका."

ताईने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. ती टाकी घेऊन हौदाकडे गेली होती.

व्हॉल्व्ह काढून तिने टाकीत तारेला लावलेला बारीक दिवा सोडला आणि दातांच्या डॉक्टरचा असतो तसला आरसा आत फिरवला. टाकी आतून कोरडी ठणठणीत होती. मिठाचा कण नाही, पांढरा डाग नाही, वास नाही. नऊ दिवस समुद्राच्या तळाशी पडलेली रिकामी टाकी अशी राहू शकते ती एकाच कारणाने. हवा संपल्यावर कुणीतरी व्हॉल्व्ह घट्ट बंद केलेला असला तर. अहवालातही तेच होतं, 'टाकी रिकामी, व्हॉल्व्ह बंद'. गुदमरणारा माणूस व्हॉल्व्ह बंद करत बसत नाही, हे ताईने चौकशीत तीनदा सांगितलं होतं. तिन्ही वेळा तिला पाणी दिलं गेलं आणि बसायला सांगितलं गेलं.

आणि एकटा उतरला म्हणे! तिच्या हाताखाली शिकलेला माणूस. प्रत्येक वेळी टाकीत पन्नास बार दाबाची हवा शिल्लक ठेवून वर येणारा. दोनशेची भरलेली टाकी, त्यातले शेवटचे पन्नास तो कधी वापरायचाच नाही. कुणी विचारलं तर म्हणायचा, "ते माझे नाहीत. खाली जो अडकलेला सापडेल त्याचे आहेत." वीस वर्षांत असा कुणी सापडला नव्हता, त्यामुळे टाकी रोज पन्नासवर परत यायची आणि दारात उभं राहण्याची वेळ त्याच्यावर कधी आली नाही.

पिवळी टाकी परीक्षेत पास झाली. ताईने गळ्याशी नवी तारीख ठोकली, गरम हवेने टाकी सुकवली, व्हॉल्व्हला नवी रबरी कडी बसवली आणि सावकाश दोनशेपर्यंत भरली. घाईने भरली की टाकी तापते, म्हणून 'सावकाश' हा शब्द तिने भिंतीवर हातभर अक्षरांत लिहून ठेवला होता. पास झालेली टाकी गेज लावून एक रात्र ठेवायची, कुठून गळते का ते पाहायला. तशी ती ठेवून तिने कुलूप लावलं.

मंगळवारी सकाळी काटा पन्नासवर होता.

"कडी नीट बसली नसेल," नाना म्हणाले.

ताईने साबणाचं पाणी लावलं. फुगा आला नाही. टाकी हौदात बुडवली. पाणी शांत राहिलं, एक बुडबुडा वर आला नाही. तिने दुसरं गेज लावलं. तेही पन्नास. मग नानांनी कॉम्प्रेसर चालू केला, टाकी पुन्हा दोनशेपर्यंत भरली आणि ती समोर ठेवून दोघं स्टुलांवर बसले. ताईचा चहा हातातच गार झाला.

भिंतीवरच्या घड्याळात दहा वाजले, रात्री वाजले असतील तसेच, आणि काटा हलला.

तो गळक्या टाकीच्या काट्याप्रमाणे घसरत नव्हता. केसभर उतरायचा, थांबायचा, पुन्हा केसभर उतरायचा. मिनिटाला बारा वेळा. अर्ध्या तासाने तो पन्नासवर आला आणि तिथे थांबला. दिवसभर पुढे हलला नाही.

मिनिटाला पाच बार. ताईने जुन्या पाकिटाच्या मागे गणित मांडलं. बारक्या वर, जमिनीवर, मिनिटाला सोळा लिटर हवा ओढायचा. वीस वर्षं त्याच्या टाक्या भरल्यामुळे हे तिला तोंडपाठ होतं. माणूस जितका खोल जाईल तितकी तोच श्वास जास्त हवा खातो. सोळा लिटरवाल्या माणसाने बारा लिटरच्या टाकीतून मिनिटाला पाच बार ओढायचे तर त्याने किती खोल असायला हवं? उत्तर आलं अठ्ठावीस मीटर. तिने पुन्हा मांडलं. पुन्हा अठ्ठावीस. बंदराच्या तोंडाशी नकाशावर हाच आकडा छापलेला होता.

तिने पाकीट नानांपुढे सरकवलं. नानांनी ते वाचलं, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं आणि कॉम्प्रेसरकडे निघून गेले. मशीन बंद होतं, तरी ते त्याचं तेल तपासत राहिले.

बुधवारी बारक्याची बायको आली. ताईने तिला निरोप पाठवला होता, कशासाठी ते मात्र सांगितलं नव्हतं. ती टाकीसमोर बसली. दहा वाजले, काटा उतरायला लागला आणि भावजयीला काही समजावून सांगावं लागलं नाही. इतकी वर्षं ती त्या श्वासाच्या शेजारी झोपली होती. तिने टाकीवर तळवा ठेवला आणि काटा पन्नासवर थांबेपर्यंत काढला नाही.

"ताई, घाबरलेला वाटत नाही ना?" तिने विचारलं.

"नाही गं. कामावर असतो तसाच आहे."

भावजयीने पदराने तळहात पुसला. टाकी कोरडी होती, तरी तो ओला झाला होता. दारापर्यंत जाऊन ती वळली. "आपण हवा परवापासून भरतोय," ती म्हणाली. "आधीचे सात महिने कोण भरत होतं?"

ताईने गेजची काच पुसली आणि पुन्हा काट्याकडे पाहिलं. 

गुरुवारी नानांनी तोंड उघडलं. काटा पन्नासवर थांबल्यावर ते तिच्याजवळ येऊन बसले. "भोक पाडून टाक, पोरी. आपण भरतो म्हणून तो तिथे अडकलाय. सोडव त्याला."

"तो अडकलेला नाही. शोधतोय."

"काय शोधतोय?"

"ते मला काय माहीत? पण रोज खाली जातो, अर्धा तास फिरतो, पन्नासवर परत फिरतो. हे अडकलेल्या माणसाचं काम आहे?" तिचा आवाज चढला. "सगळ्या बंदराने हात झटकले, नाना. अहवाल लिहिला, शिक्का मारला, झालं. मी झटकणार नाही. त्याला पाहिजे तितके दिवस मी हवा देईन. परवाना जाऊ दे, वर्कशॉप जाऊ दे, घरी नेऊन हातपंपाने भरीन."

नाना उठले. दुसऱ्या दिवशी येतील की नाही याची ताईला खात्री नव्हती. शुक्रवारी ते नेहमीपेक्षा अर्धा तास आधीच आले आणि न सांगता हौदाचं पाणी बदलून, काठ कोरडे पुसून ठेवले.

साहेब पावणेदहाला आले. हातात कागद होता. पिवळी टाकी भरलेली, गेज लावून टेबलावर उभी पाहून त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या.

"भोक?"

"बसा अर्धा तास," ताई म्हणाली. "त्यानंतरही तुम्ही पाडा म्हणालात तर ड्रिल तुमच्या हातात देते. मी अडवणार नाही."

साहेब बसले ते बहुधा वाद टाळायला. दहा वाजले. काटा उतरायला लागला.

"गळतेय ही," ते म्हणाले.

"कुठून?"

त्यांनी वाकून व्हॉल्व्हला कान लावला. नानांनी टाकी उचलून हौदात बुडवली, गेज तेवढं पाण्याबाहेर ठेवलं. बुडबुडा नाही. काटा मात्र उतरतच होता. साहेब घड्याळाकडे बघू लागले, मग दाराकडे. ताईने त्यांना पाकिटामागचं गणित सावकाश समजावून सांगितलं, वर्गातल्या मठ्ठ मुलाला सांगावं तसं. अठ्ठावीस मीटर ऐकल्यावर त्यांनी कागदाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

साडेदहाला काटा पन्नासवर आला आणि थांबला.

"झालं?" साहेबांनी विचारलं. 

"झालं. रोज इथेच थांबतो. अहवालात तुम्ही लिहिलंत की तो गेज बघत नव्हता. आता तुम्हीच बघा."

साहेब उठून उभे राहिले. तेवढ्यात काटा पुन्हा हलला.

आजवर तो पन्नासच्या खाली गेला नव्हता. ताई पुढे वाकली. काट्याची चाल बदलली होती. एक उतार नेहमीचा, संथ. त्याच्या मधेमधे दुसरा, घाईचा, तुटक. दोनदा पटापट, मग थांबून तीनदा. पंचेचाळीस. चाळीस. मिनिटाला बारा बारने हवा चालली होती.

ती एका माणसाची हवा नव्हती.

"दुसरं कोणी नव्हतं खाली," साहेब म्हणाले.

 बर्फाच्या कारखान्यातलं मशीन तेवढं भिंतीपलीकडून घुमत होतं.

"मी विचारलं नव्हतं, साहेब," ताई म्हणाली.

तीस. पंचवीस. शेवटचे पन्नास कुणाचे, हे तिला कळलं होतं. ते दोघांना पुरणार नव्हते, सात महिन्यांपूर्वीही पुरले नव्हते. पण तेव्हा या टोकाला ती नव्हती.

"नाना, हवेच्या साठ्याचं मोठं सिलिंडर लावा. पूर्ण उघडा."

"तापेल गं. सावकाश..."

"पूर्ण उघडा म्हटलं ना."

टाकी टेबलावर घेऊन तिने नळी जोडली. दहावर आलेला काटा सरसर चढून शंभरवर गेला. असल्या भरण्याने टाकीला हात लावू नये इतकी ती तापायला हवी होती. ताईने हात लावला. टाकी बर्फगार होती.

"बंद करा ते," साहेब म्हणाले आणि त्यांनी व्हॉल्व्हकडे हात नेला. ताईने त्यांचं मनगट धरलं. सव्वीस वर्षं नट-बोल्टांचे पाने फिरवलेला तिचा हात होता तो. साहेब खाली बसले.

"कोण होता?" तिने विचारलं. नजर काट्यावरच होती.

"रंगारी." साहेब टेबलाकडे बघत म्हणाले. "जहाजांना रंग देणारा. नियमाने दोन माणसं लागतात, त्या दिवशी दुसरा डायव्हर नव्हता. मीच म्हटलं, सूट घालून नुसता उतर, जोडी दिसली म्हणजे झालं. तुमचा भाऊ नको म्हणत होता. रंगारी आधी उतरला. वर येईना, तेव्हा तुमचा भाऊ..."

"आणि कागदावर?"

"रंगारी काम सोडून गेला असं लिहिलं."

"नाव काय त्याचं?"

साहेबांनी मान हलवली. त्यांना ते माहीत नव्हतं.

मोठं सिलिंडर शंभरवरच अडलं, काटा पुन्हा उतरायला लागला; मिनिटाला बाराची चाल आठवर आली.

नाना तिच्या खांद्यामागे उभे राहून मोजत होते.

आठवरून पाच.

पाचवर ती तीन मिनिटं राहिली. एक सेकंद कमी नाही, एक जास्त नाही. वर येताना शेवटच्या टप्प्यावर तीन मिनिटं थांबायचं असतं. घाई करायची नाही, सोबतच्याचा हात सोडायचा नाही. हे बारक्याला तिनेच शिकवलं होतं, याच खोलीत.

मग मिनिटाला तीन. दुसरा श्वासही आता शांत झाला होता.

मग काटा थांबला. पन्नासवर.

ताईने व्हॉल्व्ह घट्ट बंद केला, अहवालात लिहिला होता तसा. नानांनी नळी सोडवली, गुंडाळली, जागेवर ठेवली. तिने साहेबांच्या हातातला कागद घेऊन उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर पेन ठेवलं.

"लिहा," ती म्हणाली. "दोघं उतरले होते. आधी रंगारी, मग बारक्या. सगळं लिहा. सही स्पष्ट करा."

साहेब लिहू लागले. ते एकेक ओळ खोडून पुन्हा लिहीत होते, त्यामुळे वेळ लागला. ताईने घाई केली नाही. खाली सही झाल्यावर तिने कागद वाचून पाहिला, घडी करून कमरेला खोचला आणि तेव्हा कुठे तिला दाराकडून येणारा आवाज जाणवला. थेंब पडत होते.

सकाळी कोरडे पुसलेले हौदाचे काठ ओले होते. वर बारक्याच्या मोकळ्या खुंटीवरून पाणी टपकत होतं. नानांनी थेंब बोटावर घेऊन जिभेला लावला आणि ताईकडे पाहून मान डोलावली. खारट होता.

ताई खडू घेऊन आली. कधीच कुणाला न दिलेल्या शेजारच्या खुंटीवर तिने सावकाश अक्षरांत लिहिलं, 'रंगारी'. खाली तिच्या पायाशी पाणी साचत होतं. त्या खुंटीवरूनही थेंब पडत होते, आणि त्यांना जहाजाच्या तळाला देतात त्या लाल रंगाची झाक होती.